मॅडम, दीक्षित करू का दिवेकर?

२०१८ साल सरत आलं होतं तेव्हा आमच्या बाह्यरुग्ण विभागात वजनासाठी आलेला माणूस खुर्चीत बसता बसताच हा प्रश्न टाकायचा. त्या वर्षी राज्य सरकारने डॉ. जगन्नाथ दीक्षित यांना स्थूलताविरोधी मोहिमेचा चेहरा म्हणून नेमलं आणि वर्तमानपत्रांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे वाद पेटला. दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. एकाच घरात सासरे दीक्षित करायचे, सून दिवेकर करायची आणि दोघांचं रांधता रांधता सासूबाईंना दिवस पुरायचा नाही. आज त्या जोडीला किटो, सोळा-आठ, लो-कार्ब अशी आणखी नावं आली आहेत, २०२५ पासून वजनाची इंजेक्शनंही भारतात मिळू लागली आहेत, पण खुर्चीतला प्रश्न तोच आहे. यातलं कोणतं करू?

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझं सगळं काम वर्धा जिल्ह्यात झालं. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं असलेला हा छोटा जिल्हा, त्यामुळे आर्वी-आष्टी-कारंज्यापासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंतची माणसं तपासणीसाठी वर्ध्याकडे येतात. डाएट कोणतं, या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. मी म्हणते, आधी तुमचा दिवस सांगा. किती वाजता उठता, पहिला चहा कधी, त्यात साखर किती, दुपारी जेवता ते घरी की बांधावर, संध्याकाळी चौकात काही खाणं होतं का, रात्री घरात शेवटचं पान कोणाचं, आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत. पुष्कळांना हे टाळाटाळ केल्यासारखं वाटतं. एका भाऊंनी तर सरळ म्हटलं, "मॅडम, पत्ता सांगा म्हटलं त तुम्ही गावचा इतिहास विचारून राह्यल्या." पण ही चौकशी म्हणजेच निम्मी निवड असते, असं माझं ठाम मत आहे.

ते काही माझ्या एकटीचं मत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांना दोन गटांत विभागलं. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने कर्बोदकं. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. वर्षभरात पहिल्या गटाचं सरासरी ५.३ किलो वजन उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. एवढ्या फरकाला संख्याशास्त्र फरक मानत नाही. खरी गोष्ट गटांच्या आत होती. दोन्हीकडे कोणाचं वीस किलोहून जास्त उतरलं होतं आणि कोणाचं उलट वाढलं होतं. त्याआधी २००९ साली ८११ जणांवर चार वेगवेगळे आहार दोन वर्षं करून पाहिले गेले. त्यात चारही आहारांनी साधारण सारखंच वजन घटलं, आणि जे सल्ल्याच्या बैठकींना नियमित येत राहिले त्यांचं जास्त घटलं. म्हणजे कोणतं डाएट श्रेष्ठ, यापेक्षा कोणतं डाएट या माणसाला सहा महिन्यांनीही करता येईल, हा प्रश्न मोठा. सहा महिने कशाच्या आधाराने टिकतात ते मात्र अमेरिकेत बसून कळणार नाही. त्यासाठी सेलूच्या किंवा देवळीच्या स्वयंपाकघरात डोकवावं लागतं.

दोन वेळा जेवण्याचा विचार तसा आमच्या शेजारचाच. डॉ. श्रीकांत जिचकार काटोलचे. नागपूर जिल्ह्यातलं काटोल आमच्या कारंजा-आर्वीच्या अगदी लगत. डॉक्टर, वकील, आमदार, मंत्री, अनेक विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेला हा माणूस आपल्या व्याख्यानांतून सांगत असे की आपण खातो तेव्हा इन्सुलिन स्रवतं. जितक्या वेळा खाऊ तितक्या वेळा ते स्रवतं आणि चरबी साठत जाते. म्हणून कडकडून भूक लागेल त्या दोनच वेळा ठरवा आणि पंचावन्न मिनिटांत जेवण संपवा. २००४ साली अपघातात ते गेले. पुढे दीक्षित सरांनी हा विचार स्वतःवर करून पाहिला, त्याला तपासण्यांची आणि रोज पंचेचाळीस मिनिटं चालण्याची जोड दिली, आणि तो गावोगाव नेला. मधल्या वेळी पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा चालतो. पैसे लागत नाहीत, पावडर विकत घ्यावी लागत नाही, वेगळं काही रांधावं लागत नाही. या तीन गोष्टींसाठी मला त्या पद्धतीबद्दल आदर आहे. गरीब माणसाला परवडणारा आहारसल्ला आपल्याकडे फार दुर्मीळ आहे.

आमच्या शेतकऱ्यांना ती पद्धत जमली, कारण ती त्यांच्या जुन्या दिवसाच्या जवळ जाणारी होती. सकाळी नऊ-दहाला जेवून शेतात जायचं आणि दिवेलागणीला परत येऊन जेवायचं, ही रीत इथल्या म्हाताऱ्या माणसांना आठवते. सेलू तालुक्यातले एक शेतकरी काका मला म्हणाले होते, "हे त आमच्या बुढ्याचंच डाएट हाय जी." त्यांचं वजन उतरलं, पोट उतरलं, साखर आटोक्यात आली. यात इन्सुलिनचा वाटा किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. मी त्यांचा दिवस लिहून काढला तेव्हा मला दिसलं ते वेगळं होतं. त्यांचे साखरेचे पाच चहा, सोबतची बिस्किटं, बाजाराच्या दिवशीचे तर्री-पोहे आणि आलुबोंडा, रात्री टीव्हीसमोरचा चिवडा, हे सगळं एका नियमाने बंद झालं होतं. दोन चमचे साखरेच्या एका चहात साखरेचेच चाळीस उष्मांक असतात. असे पाच चहा म्हणजे दोनशे. आलुबोंडे, चिवडा धरला की रोजचे पाचशे उष्मांक कुठेही उपाशी न राहता कमी झाले होते, आणि रोज पाचशे कमी झाले की आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतं. नियम सोपा असला की तो मोडला तर लगेच कळतं. त्या पद्धतीची खरी ताकद मला यात वाटते.

पण हाच नियम चुकीच्या माणसाने उचलला तर धोका होतो, आणि तो मी जवळून पाहिला आहे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेला माणूस शेजाऱ्याचं ऐकून दोन जेवणांवर येतो आणि गोळी मात्र पूर्वीसारखीच घेत राहतो. ही गोळी माणूस जेवला की नाही ते बघत नाही, ती साखर उतरवतच राहते. अशा एका गृहस्थांना दुपारी चार वाजता दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. मे महिन्यातलं वर्ध्याचं ऊन म्हणजे कोणालाही तेच वाटेल. दवाखान्यात साखर तपासली तेव्हा ती खूप खाली गेली होती. दीक्षित सर स्वतः तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरुवात करा असंच सांगतात, पण गावात नियम पोचतो आणि त्याच्यासोबतची सूचना मागे राहते. म्हणून इन्सुलिन किंवा अशा गोळ्या चालू असणाऱ्यांना माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. आधी डॉक्टरांकडून गोळीचा डोस ठरवून घ्या, मग जेवणाला हात लावा.

विदर्भात आणखी एक गोष्ट विचारावीच लागते, ती म्हणजे सिकलसेल. पुण्या-मुंबईच्या आहारपुस्तकांत हा शब्द सहसा सापडत नाही. इथे मात्र कित्येक कुटुंबांत तो आजार आहे, आणि शरीरातलं पाणी कमी झालं की या रुग्णांना असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनी उन्हाळ्यात लांबलचक उपास करणं, त्यातही निर्जळी, मला मान्य नाही. एका तरुण मुलीने मैत्रिणींसोबत ‘वॉटर फास्टिंग’ करायचं ठरवलं होतं. नशिबाने ती आधी विचारायला आली. तिच्या वजनाची आम्ही घाई केलीच नाही.

दिवेकर यांच्या सांगण्यातलं मला आवडतं ते दोन तासांचं वेळापत्रक नाही, त्यांनी घरच्या अन्नाला परत दिलेली प्रतिष्ठा आवडते. २००९ मध्ये त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं तेव्हा शहरातल्या बायका तूप, भात, केळं यांना घाबरून ओट्स आणि डायजेस्टिव्ह बिस्किटांवर आल्या होत्या. आजी जे खायची ते खा, हंगामातलं खा, जवळचं खा, हे त्यांचं म्हणणं फार गरजेचं होतं. दर दोन तासांनी खाणं मात्र आमच्याकडच्या किती जणींना जमेल? बँकेत बसणारीला किंवा शिक्षिकेला ती सोय आहे. मूठभर फल्लीदाणे, एक फळ, वाटीभर ताक अशी डब्यातली तयारी तिला जमते, आणि जिला भूक मारली की रात्री भान राहत नाही अशा बाईला मी हेच सुचवते. पण कापूस वेचणारी बाई दर दोन तासांनी कुठे हात धुणार आणि काय खाणार? आणि जिच्या हाताशी दर दोन तासांनी फक्त फरसाणचा डबा असेल तिच्यासाठी ‘थोडं थोडं खा’ हा सल्ला वजन वाढवणाराच ठरतो.

किटोबद्दल लोक फार उत्साहाने बोलतात, कारण पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो. शरीरात साठलेलं ग्लायकोजन संपतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी जातं. गेलेलं ते पाणी असतं, चरबीला अजून हातही लागलेला नसतो. हा आहार १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पुढे आला तो मिरगीच्या रुग्णांसाठी, आणि त्या कामासाठी तो आजही मोलाचा आहे. पण त्यात दिवसभराची कर्बोदकं वीस ते पन्नास ग्रॅमांत बसवावी लागतात. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतच चाळीसेक ग्रॅम असतात. मग भाकर गेली, भात गेला, तुरीचं वरणही मोजून, आणि उरलं काय, तर पनीर, अंडी, तूप, बदाम. महिन्याचं गणित मांडलं की आमच्या बहुतेक घरांत किटो दुसऱ्या महिन्यातच बंद पडतं. त्यातून मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन गटातली गोळी चालू असेल तर किटोने रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसत नसल्यामुळे निदानही लांबतं. या गोळ्या आता स्वस्त झाल्यात, गावोगाव पोचल्यात. म्हणून गोळ्यांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय मी कर्बोदकांना कात्री लावू देत नाही.

एका मोटार कंपनीच्या नावाने फिरणारं सात दिवसांचं जीएम डाएट, एक दिवस फळं, एक दिवस भाज्या, एक दिवस केळी आणि दूध, याला मी वेळ देत नाही. आठव्या दिवशी काय जेवायचं हे ते सांगत नाही.

सोळा तास उपास आणि आठ तासांत जेवण ही पद्धत तरुणांची लाडकी. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ जणांवर वर्षभर तिचा अभ्यास झाला. दोन्ही गटांचे उष्मांक सारखेच कमी केले होते, फक्त एका गटाला वेळेचं बंधन होतं. त्या गटाचं ८ किलो उतरलं, बंधन नसलेल्यांचं ६.३ किलो, आणि हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसणारा निघाला. म्हणजे घड्याळाने जादू होत नाही; घड्याळामुळे रात्रीचं अवांतर खाणं थांबत असेल तर फायदा होतो. वर्ध्यातल्या जैन-मारवाडी व्यापारी घरांत सूर्यास्ताआधी जेवायची सवय असते, तिथे ही पद्धत आठवड्याभरात रुळते. पण हिंगणघाटच्या सूतगिरणीत किंवा भूगावच्या पोलाद कारखान्यात पाळीपाळीने काम करणाऱ्या माणसाचं काय? त्याची रात्र दर आठवड्याला जागा बदलते. त्याला मी तासांचा हिशोब देतच नाही. रात्रपाळीला निघण्याआधी पोटभर जेवा, मध्यरात्रीच्या डब्यात भाताऐवजी उसळ आणि ताक ठेवा, कँटीनचा चहा बिनसाखरेचा घ्या, सकाळी घरी आल्यावर हलकं खाऊन झोपा, एवढंच सांगते. अशा माणसांना नावाचं डाएट मिळत नाही आणि त्याची त्यांना खंत वाटते. "मंग माया डाएटचं नाव काय सांगू दोस्तायले?" असं एकाने विचारलंही होतं.

वर्ध्यात राहून आहारावर बोलायचं आणि मगनवाडीचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमत नाही. जमनालाल बजाजांनी दिलेल्या त्या जागेत १९३५ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते, आणि १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाईपर्यंत गांधीजी तिथे राहत होते. घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ, कच्चा पाला, चिंच, सोयाबीन असे कितीतरी प्रयोग तिथल्या पंगतीत झाले. त्याआधी १९१५ मध्ये हरिद्वारला गांधीजींनी दिवसात पाचाहून जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही असं व्रत घेतलं होतं. वजन कमी करण्याशी या व्रताचा आणि प्रयोगांचा काही संबंध नव्हता. १६५ सेंटीमीटर उंचीला ४६.७ किलो अशी गांधीजींची नोंद आहे, आजच्या मापाने ते कमी वजनाचे ठरतात. मला या प्रयोगांचं आकर्षण आहे ते दुसऱ्याच कारणाने. ते आपला आहार तोलून-मापून खात, बदल करून पाहत, त्रास झाला तर सोडून देत. १९२९ चा कच्च्या अन्नाचा प्रयोग त्यांनी असाच सोडला होता. पुढे आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेल्या ‘आरोग्याची गुरुकिल्ली’मध्ये बैठं काम करणाऱ्यासाठी त्यांनी दिवसाचं धान्य सहा औंस, म्हणजे १७० ग्रॅमच्या आसपास, सुचवलं आणि त्याच्यासोबत दूध, पालेभाजी, इतर भाज्या मोजून दिल्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० उष्मांकांच्या ताटासाठी २५० ग्रॅम धान्य आणि ४०० ग्रॅम भाज्या आहेत. माझ्यासमोर बसणाऱ्या दुकानदाराच्या किंवा कारकुनाच्या पोटात तीन-तीन पोळ्या आणि वर ताटभर भात असं दोन्ही वेळचं मिळून याहून किती तरी जास्त धान्य जातं, आणि भाजी मात्र वाटीच्या तळाशी असते. माझ्या बहुतेक रुग्णांना डाएटच्या नावापेक्षा या एका बदलाने जास्त गुण आला आहे.

सोयाबीनची गोष्ट तर मनाला फार लागते. मगनवाडीत ते आहार म्हणून शिजवून पाहिलं गेलं. आज जिल्ह्याच्या खरिपात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन आहे, त्याने ज्वारीची रानं खाऊन टाकली, पण ताटात ते येतं ते फक्त तेल म्हणून. त्यात जवळजवळ चाळीस टक्के प्रथिनं असतात, ती कोंबड्यांच्या खाद्यात जातात. आणि ज्याच्या शेतात ते पिकतं त्याच्या घरी वरण पातळ असतं. वजन उतरवताना प्रथिनं कमी पडली तर चरबीसोबत स्नायूही झिजतो, माणूस बारीक होतो पण दमतो. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं हवीत. घट्ट वरण, चण्याची उसळ, दही, अंडं खाणाऱ्यांना अंडं, आणि आठवड्यातून दोनदा भिजवून शिजवलेलं घरचं सोयाबीन, हे मी आवर्जून लिहून देते. ज्वारीबद्दल मात्र एक गैरसमज मला सारखा दूर करावा लागतो. ज्वारीची भाकर गव्हाच्या पोळीपेक्षा उष्मांकांत फारशी कमी नसते. ती पोटात जास्त वेळ राहते, चावावी लागते, बिनतेलाची असते, म्हणून उपयोगी. पोळीऐवजी दोन भाकरी खाल्ल्या म्हणून वजन उतरत नाही.

तेलाचा प्रश्न मी वेगळ्या तऱ्हेने विचारते. दिवसाला किती चमचे, असं विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही. महिन्याला किती पाकिटं आणता आणि घरात माणसं किती, हे मात्र प्रत्येकीला पाठ असतं. माणशी रोज सत्तावीस ग्रॅम धरलं तर चौघांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटर पुरायला हवं. आमच्याकडे झणझणीत तर्रीची भाजी, पाटवडीचा रस्सा, बेसनावर तरंगणारं तेल, हा मानाचा भाग आहे. सहा-सात लिटर सहज लागतं. हे गणित मी कागदावर मांडते तेव्हा नवऱ्याला सोबत बसवते. तेल कमी झाल्यावर भाजीला नाव ठेवणारा बहुधा तोच असतो.

आणि इथे मी खरं तर माझ्या कामाच्या गाभ्याशी येते. वजनासाठी येणाऱ्यांत बायका जास्त, आणि त्यांच्या दिवसाचं चित्र ऐकलं की बाजारातली सगळी डाएटं दुसऱ्याच कोणासाठी लिहिलेली वाटतात. पहाटे उठून सगळ्यांचे डबे, स्वतः चहावर. अकराला शिळी पोळी आणि चहा. दुपारी तीनला जेवण. रात्री सगळ्यांचं आटोपल्यावर साडेनऊ-दहाला शेवटचं पान, आणि त्यात मुलांनी टाकलेला भात, सासऱ्यांची उरलेली अर्धी पोळी, कढईतली तेलकट भाजी. "मी त काहीच खात नाही जी, तरी वजन वाढूनच राह्यलं." हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे आणि ते खोटं नसतं. तिने स्वतःसाठी वाढून घेतलेलं खरंच थोडं असतं. "फेकून कसं द्याव जी, पाप लागते." शिवाय गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाटे, फल्लीचा कूट. अशा बाईला ‘रात्री सातच्या आत जेवा’ असा कागद देऊन पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. तिच्या घरात साताला जेवायचा हक्क तिला कोणी दिलेलाच नाही.

म्हणून मी घरच्यांना बोलावते. सासूबाई आल्या तर उत्तम, कारण त्या तयार झाल्या की अर्धं काम झालं. मी सांगते, हिच्यासाठी वेगळं काही करू नका. तुमच्या सगळ्यांच्याच भाजीत तेल निम्मं करा, वरण घट्ट करा, आणि रात्री सगळे एकत्र बसा, उशिरात उशिरा आठला. हिचं ताट हिने आधी वाढून घ्यायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी वाटून खायचं. काही घरांत यावर शांतता पसरते. काही घरांत सासूबाईच म्हणतात, "आमी बी तसंच जेवलो आयुष्यभर, पण हिनं कावून तसं जेवाव?" ज्या घरात हे एवढं बदलतं तिथे पुढे दीक्षित घ्या, दिवेकर घ्या, काहीही चालतं.

मोजायला मी काट्यापेक्षा सुतळी देते. स्वतःच्या उंचीएवढी सुतळी कापायची, ती दुमडून निम्मी करायची आणि कमरेभोवती फिरवायची. टोकं जुळली नाहीत तर पोटावर चरबी जास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडचा माणूस बारीक दिसतो आणि आतून चरबी बाळगून असतो. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ लाच वजन जास्त धरतात आणि २५ ला स्थूलता. काटा चार किलो उतरूनही सुतळी जुळत नसेल, तर त्या डाएटने पाणी आणि स्नायूच गेला का, हे पाहावं लागतं.

कोणतीही पद्धत मी तीन महिन्यांसाठी लावते आणि मग बदलायची मोकळीक ठेवते. देवळीकडच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या तेव्हा किटो करून केस गळलेले, चिडचिड वाढलेली. त्यांना दोन जेवणांवर आणलं. शाळा सकाळची होती तोवर ते छान चाललं. शाळा दुपारची झाली आणि चार वाजता त्यांचं डोकं दुखायला लागलं. मग तीन जेवणं केली. सकाळी ज्वारीची भाकर आणि भाजी, शाळेत मधल्या सुटीत मोड आलेल्या मटकीचा डबा, रात्री साडेसातला वरण, थोडा भात आणि भरपूर भाजी. चहा दोन, बिनसाखरेचे. शाळेतून अर्धं अंतर पायी. वजन हळूहळू उतरतं आहे, एखाद्या महिन्यात अजिबात उतरत नाही, महालक्ष्म्यांच्या महिन्यात थोडं वाढलं आणि पुन्हा खाली आलं. सुतळीची टोकं मात्र आता जुळतात. मागच्या वेळी त्या आल्या त्या स्वतःसाठी आल्याच नव्हत्या. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांनाही दोन वेळा जेवायचं आहे, सुरू करू का, असं विचारायला आल्या होत्या. गोळ्या कोणत्या चालू आहेत ते त्यांना सांगता आलं नाही, म्हणून सासूबाईंना गोळ्यांच्या चिठ्ठीसकट येत्या सोमवारी घेऊन यायला सांगितलं आहे, आणि तोवर जेवणात काही बदल करू नका, असंही.